कर्नल, फ्लॅश आणि परबांची डबी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, लिहा, पण आमच्या वाचकांना कळेल असं लिहा." म्हणजे तीस-बत्तीस वर्षं मी जे केलं ते मुळात कळण्यासारखं नाही, हे त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. त्यांचं चुकलं असंही नाही. गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडी माझी आई शेजारच्या बायकांना सांगायची, "ती यंत्रांना जागं व्हायला शिकवते." मी चिडायचे. आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर वाटतं, एवढ्या थोडक्यात मलाही जमलं नसतं.

तर सांगते. कुठलंही शहाणं यंत्र घ्या, बसमधलं तिकिटाचं मशीन घ्या, इस्पितळात पेशंटच्या उशाशी असतो तो मॉनिटर घ्या. बटण दाबलं की त्यात सगळ्यात आधी जागा होतो तो कर्नल, म्हणजे यंत्राच्या गाभ्यातला प्रोग्राम. घरात सर्वांच्या आधी उठणाऱ्या बाईचं काम तो करतो. पाणी आलंय का, दूध आलंय का, कोण कुठे झोपलंय ते बघतो आणि मग एकेकाला उठवतो. हा कर्नल जगात फुकट मिळतो, पण तो आपल्या यंत्राच्या मापाचा करून घ्यावा लागतो. त्यासाठी समोर एक भलीमोठी प्रश्नावली येते. हजारो प्रश्न. हे हवंय का, ते आहे का, अमुक जातीची चिप लावली आहे का. उत्तरं तीनच. हो, नाही, किंवा हवंय पण वेगळं ठेव, लागेल तेव्हा जोडू. या प्रश्नावलीत फ्लॅश मेमरीचं एक पान आहे. बाकीचे इंजिनिअर ते पान कंटाळून पुढे ढकलायचे. मी तिथेच मुरले.

फ्लॅश म्हणजे वीज गेली तरी लिहिलेलं न विसरणारी चिप. तुमच्या मोबाइलमधले फोटो असतात ते तिच्यातच. पण ती मोठी नखरेल आहे. एक तर ती लिहून लिहून झिजते. एका जागी लाखभर वेळा लिहा-पुसा केलं की ती जागा कामातून गेली. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत एका काकूंचं दुकान होतं, त्यांचा वजनकाटा चार महिन्यांत मेला. तो आम्ही बनवलेला नव्हता, पण दुरुस्तीला आमच्याकडे आला. उघडून पाहते तर काटा दर मिनिटाला वजन लिहून ठेवत होता, तेही एकाच जागी, आणि पारडं रिकामं असलं तरी. मी काकूंना समजावलं. त्या मिरच्यांच्या पोत्यावर कोपर टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे काम नसलं की हा जास्त राबायचा? आमचा दीर बरोबर उलटा आहे." मी कर्नल बदलून दिला, वजन बदलेल तेव्हाच लिहायचं असं शिकवलं आणि दोन दिवस शिंकत राहिले. तो काटा पुढे कित्येक वर्षं चालला. असल्या कामांचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नसे.

दुसरा नखरा असा की ही चिप कारखान्यातून येतानाच थोडी खराब येते. चाळीत हजार-दोन हजार खोल्या आहेत समजा, त्यांतल्या दहा-बारा पहिल्या दिवसापासून बंद. त्या दारांवर खूण केलेली असते. कर्नल ती खूण बघतो आणि त्या दाराला हात न लावता पुढे जातो. वापरता वापरता आणखी एखादी खोली बिघडली तर तिच्यावरही तो स्वतः खूण करतो. आम्ही त्यांना बॅड ब्लॉक म्हणतो.

आणि तिसरी गोष्ट. या चिपमध्ये लिहिलेलं एखादं अक्षर आपोआप पालटतं. म्हणून प्रत्येक मजकुराबरोबर एक ताळा लिहितात. फोनवर नंबर सांगताना तुम्ही शेवटी म्हणालात, "सगळ्या आकड्यांची बेरीज एकेचाळीस येते बघ," तर ऐकणाऱ्याला चूक झाल्याचं कळेल ना, तसं. ताळा साधा असतो, एक चूक सुधारणारा, किंवा दणकट असतो, आठ चुका सुधारणारा. कुठला ताळा वापरायचा हा त्या पानावरचा एक प्रश्न आहे. त्या एका प्रश्नाचं उत्तर मी बदललं, त्याची ही गोष्ट आहे. बाकीच्या नोकरीबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण लिहायला बसलं की हात इथेच येतो.

लोअर परळला एका बंद गिरणीच्या मागे जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचा गाळा होता. माणसं सात. समोर काचेचे टॉवर उभे राहिले, आम्ही तिथेच. परळच्या एका इस्पितळात नीता नावाची स्पीच थेरपिस्ट होती. घशाच्या कॅन्सरमध्ये ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकतात त्यांना पुन्हा बोलायला शिकवणं हे तिचं काम. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सगळ्यांना जमत नाही हो शिकायला. ऑपरेशनच्या आधी त्यांच्याच आवाजात रोजची वाक्यं भरून घेता आली आणि नंतर बटण दाबून वाजवता आली तर?" त्यातून आमची बोलकी डबी झाली. साबणाच्या डबीएवढी, गळ्यात अडकवायची, पुढे सोळा बटणं, एकेका बटणावर बरीच वाक्यं, जितक्यांदा दाबाल त्याप्रमाणे वाक्य बदलायचं. आत माझा कर्नल आणि एक फ्लॅशची चिप. फारशा खपल्या नाहीत, पण इतक्या कळकळीने मी दुसरं काही बनवलं नाही.

परब डबी घेणाऱ्या पहिल्या दहांमधले. वसंत परब, डिलाईल रोडच्या चाळीत राहणारे, मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, हे स्वतः लिफ्टचे मेकॅनिक. ऑपरेशनच्या आठ दिवस आधी नीताने त्यांना गाळ्यावर आणलं. तेव्हा आवाज घोगरा झाला होता, पण मोठा होता. लिफ्टच्या खड्ड्यातून सातव्या मजल्यावर हाक मारायची सवय. डबी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि मला विचारलं, "ह्याच्यात आवाज रवता तरी खंय?" आवाज राहतो कुठे, असल्या प्रश्नांना मी नेहमी वैतागते. पण हा माणूस खरंच विचारत होता. मी त्यांना चिपच्या खोल्या, बंद दारं, ताळा, सगळं सांगितलं. त्यांनी लिफ्टच्या पॅनेलमधल्या रिलेबद्दल मला सांगितलं. त्यात दीड तास गेला आणि नीता घड्याळ बघत बसली.

मग त्यांनी इस्पितळातल्या तिच्या खोलीत बसून चार दिवस वाक्यं भरली. एकशे चाळीसच्या वर. ती यादी मी पाहिली आहे. "सुनंदा, चाय ठेव." "शीतल, पोचलंस की फोन कर." "ए मेल्या, सरक थोडा." "माका नको, पोट भरला." "कोण आसा दारात?" सुनंदा म्हणजे बायको, शीतल म्हणजे मुलगी, आणि मेल्या म्हणजे चाळीतले झाडून सगळे मित्र. डबीच्या माइकवरच भरलेली, डबीतच राहिलेली. बाहेर कुठे त्यांची प्रत काढायची सोय मी ठेवली नव्हती. गरज काय, असं मी मीटिंगमध्ये म्हणाले होते.

ऑपरेशननंतर दीड वर्ष ती डबी चालली. नीता सांगायची, परब बटणं अशी दाबतात की वाटतं भांडतायत. चाळीत पत्ते खेळताना सुद्धा डबी बोलते.

दरम्यान आमची जुनी चिप बाजारातून गेली. नवी चिप जास्त चुका करणारी होती, तिला दणकट ताळा हवा होता. मी त्या पानावर जाऊन ताळ्याच्या प्रश्नाचं उत्तर बदललं. जुन्या डब्यांसाठी एक कर्नल आणि नव्यांसाठी दुसरा, ही कटकट कोण सांभाळणार? दणकट ताळा जुन्या चिपलाही चालतोच की. मी एक जुनी डबी घेतली, पुसून कोरी केली, नवा कर्नल घातला, वाक्यं भरली, वाजवली. छान चालली. महिनाभर चालवून पाहिली. ज्याला थोडंफार कळतं त्याला इथेच माझी चूक दिसली असेल. मी कोरी डबी तपासली. लोकांच्या गळ्यातल्या डब्या कोऱ्या नव्हत्या. त्यांतलं सगळं जुन्या ताळ्याने लिहिलेलं होतं आणि नवा कर्नल तो ताळा ओळखणार नव्हता. त्याला प्रत्येक खोलीतलं लिहिलेलं चुकलेलंच दिसणार होतं.

एवढ्यानेही काही बिघडलं नसतं. वाचता आलं नाही म्हणून लिहिलेलं नाहीसं होत नाही. उलट फ्लॅशवरच्या फायली सांभाळणारा कर्नलचा जो भाग आम्ही वापरायचो, त्यात लिहिणाऱ्याने एक गमतीचा निरोप ठेवला आहे. चिपवर एकही ओळखीची गोष्ट दिसली नाही तर तो ती पुसून साफ करत नाही. मी भित्रेपणाने नकार देतोय, असं स्पष्ट लिहून थांबतो. मला तो निरोप फार आवडायचा. पण आमच्या गाळ्यात नव्या डब्या जुळवणाऱ्या मुलींना हा नकार रोज अडवायचा, कारण नवी चिप कोरीच असते. दर डबीला हाताने साफ करून द्यावं लागायचं. म्हणून मी चार ओळी लिहिल्या. कर्नल नाही म्हणाला तर चिप पूस आणि पुन्हा सुरू हो. मुलींचं काम सोपं झालं. त्या चार ओळी नव्या कर्नलबरोबर प्रत्येक डबीत जात होत्या.

परब आले ते डबीच्या पट्ट्याची कडी तुटली म्हणून. दुपारचे तीन वाजले असतील. शीतलचं लग्न महिन्यावर आलं होतं, पत्रिका द्यायची होती, म्हणून स्वतः आले. बटण दाबलं, "नमस्कार ताई, बरां आसा मां?" मी हसले. कडी बदलली. पण मला ऐकू आलं की प्रत्येक वाक्याच्या आधी डबीत बारीकशी टक वाजते. नव्या कर्नलमध्ये मी ती काढली होती. मी म्हटलं, "बसा दहा मिनिटं. ही टक घालवून देते."

त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांना ती टक ऐकूही येत नसावी. माझ्याच कानाला खुपली.

कर्नल बदलण्याआधी सगळ्या चिपची नक्कल काढून ठेवायची, हा आमच्या धंद्यातला नियम मीच सगळ्यांना शिकवलेला. त्याला पाव तास लागतो. आवाज असतात त्या भागाला मी हातही लावणार नव्हते, फक्त कर्नलचा भाग बदलायचा होता, म्हणून मी ते केलं नाही. डबी सुरू झाली. हिरवा दिवा लागला. मी पहिलं बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. परबांना वाटलं आवाज बारीक झालाय, त्यांनी हसत डबी माझ्या हातातून घेतली, कानाशी धरली आणि एकेक करून सोळाही बटणं दाबली.

माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर कर्नलचे निरोप येऊन गेले होते. मी वर सरकवून वाचले. भित्रेपणाने नकार देतोय. त्याच्या खाली माझ्या चार ओळींचं काम. पुसलं, पुसलं, पुसलं.

मी म्हटलं, "ठेवून जा. दोन दिवसांत बघते." माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता याची मला आजही लाज वाटते. परबांनी पिशवीतून पाटी काढली, लिहिलं, "घाई नाय," आणि पत्रिका टेबलावर ठेवून गेले.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी चिप वाचत बसले. पुसलेली फ्लॅश रिकामी असते तेव्हा तिच्यात शून्य नसतं, सगळीकडे एक असतो. खोलीमागून खोली तेच. आमचे साहेब मागे येऊन उभे राहिले. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "चिप गेली म्हणून सांगा. चिपा जातात. कोण विचारणार आहे?" तिसऱ्या दिवशी शीतल डबी न्यायला आली आणि मी तिला तेच सांगितलं. चिप गेली. ती म्हणाली, "ठीक आहे मॅडम, तुमचा काय दोष? दीड वर्ष बाबा बोलले ते तुमच्यामुळेच ना." आणि थँक्यू म्हणून, डबी तिथेच ठेवून निघाली. मी तापट बाई म्हणून गाळ्यात प्रसिद्ध, कुणाचं ऐकून घेत नाही. त्या थँक्यूने मात्र मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी मी डिलाईल रोडला गेले. दुसरा मजला, शेवटून तिसरी खोली. कॉटवर साड्यांचे गठ्ठे, कोपऱ्यात रुखवताचे खोके. परबांनी खुर्ची रिकामी करून दिली. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. चिप गेली नाही. मी पुसली. तुम्ही सांगितलं नव्हतं तरी मी हात लावला, आणि हात लावण्याआधी जे करायला हवं होतं ते केलं नाही.

परबांनी पाटीवर तीन शब्द लिहिले. "गाऱ्हाणा पण गेला?"

मला कळलं नाही. शीतलने सांगितलं. मालवणी माणसाच्या घरात लग्न असो, घरभरणी असो, आधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. घरातला जाणता माणूस मोठ्याने देवाला सांगतो, बा देवा म्हाराजा, आज अमक्याचं कार्य आहे, ते तडीस ने, कुणाची नजर लागली असेल तर दूर कर. प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा. परबांच्या भावकीत वीस वर्षं गाऱ्हाणं तेच घालत. चाळीतली इतर कार्यंही त्यांच्याशिवाय होत नसत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी नीताला खोलीबाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि मुलीच्या लग्नाचं गाऱ्हाणं डबीत भरून ठेवलं. तेव्हा लग्न ठरलंही नव्हतं. ते गाऱ्हाणं कुणी ऐकलेलं नव्हतं. सोळावं बटण, दोनदा दाबायचं. शीतल म्हणाली, "आम्ही कधी दाबलं नाही. लग्नातच ऐकायचं म्हणून."

तोवर सुनंदाबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या. आवाज चढला नव्हता. "तेका इचारल्याशिवाय हात कित्याक लावलंस गो बाय? तुजो होतो काय तो आवाज? आता खंयसून आणतलंस?"

मी रडले. मला त्यांच्या घरात रडायचा काही हक्क नव्हता, पण रडले. परबांनी पाटी पुसून लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. "लिफ्ट चालू करण्याआधी आमी खड्ड्यात हाक मारतो. आत कोण हाय काय." त्यात राग नव्हता. एका मेकॅनिकने दुसऱ्याला त्याची चूक दाखवावी तसं त्यांनी ते दाखवलं. मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

शीतलने सुचवलं, बाबांनी लिहून द्यावं, बाळाकाका वाचेल. बाळा हा परबांचा चुलतभाऊ. परबांनी मान हलवली. गाऱ्हाणं लिहायचं नसतं. ते तोंडातून यावं लागतं, ज्याचं त्याने म्हणावं लागतं. मग त्यांनी पुन्हा पाटी घेतली. "सगळ्या खोल्या पुसल्या? एक पण रवली नाय?"

मी सवयीने म्हणणार होते, सगळ्या. आणि थांबले. सगळ्या नाहीत. बंद दारांना कर्नल हात लावत नाही. पुसतानाही नाही.

सोमवारी सकाळी गाळा उघडल्या उघडल्या मी बसले. बॅड ब्लॉक जबरदस्तीने वाचायला लावणं हे आम्ही कधी करत नाही. त्यासाठी वेगळा कर्नल बांधला, जुन्या ताळ्याचा, खुणा न मानणारा. परबांच्या चिपमध्ये अकरा बंद खोल्या होत्या. दहा जन्मापासूनच्या, त्यांत कचरा. अकरावी वापरात असताना बिघडलेली. तिच्यातलं काहीतरी पुसायला म्हणून कर्नल गेला होता, पुसता आलं नाही, म्हणून खूण करून निघून आला होता. म्हणजे त्या खोलीत परबांनीच नको म्हणून काढून टाकलेलं काहीतरी असणार. मी देवाला मानत नाही. पण तेव्हा मनात म्हटलं, गाऱ्हाणं असू दे. चुकलेलं, अर्धं, खोकल्याने तुटलेलं, कसंही.

दुपारपर्यंत त्यातून तीन सेकंदांचा आवाज निघाला. खरखर, मग परबांचा खणखणीत सूर, नीताला विचारत असावेत. "झाला सुरू? बोलू आता?"

बस. पहिल्या दिवशी माइक तपासताना भरलेलं आणि लगेच काढून टाकलेलं. मी ते पंचवीस वेळा ऐकलं. पुढे काही असेल म्हणून ती खोली पुन्हा पुन्हा वाचली. पुढे काही नव्हतं. एकशे चाळीस वाक्यांतलं, गाऱ्हाण्यातलं एक अक्षर नव्हतं.

नेऊन द्यावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. मग वाटलं, न विचारता ठरवायची खोड आता तरी सोडावी. डबीत जुना कर्नल घातला, तो आवाज पहिल्या बटणावर ठेवला आणि परबांच्या घरी जाऊन आधी सांगितलं की एवढंच आहे, ऐकायचं का. परबांनी मान डोलावली. आवाज आला तसा सुनंदाबाईंनी हातातली परात खाली ठेवली. "परत लाव," म्हणाल्या. मी लावलं. "परत." पाचव्यांदा त्या आत मोरीत गेल्या आणि नळ सोडला. परबांनी डबी गळ्यात अडकवली.

लग्नाला मी जाणार नव्हते. आदल्या दिवशी शीतलचा फोन आला, "बाबांनी सांगितलंय, ताईंका हाड." म्हणजे घेऊन ये. गेले. सकाळी हॉलवर निघण्याआधी चाळीच्या तळमजल्यावर देवाची घुमटी आहे, तिच्यापुढे सगळे जमले. पन्नास-साठ माणसं असतील. शीतल पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून. नारळ ठेवला, अगरबत्ती लावली. बाळा, तो चुलतभाऊ, टोपी नीट करत पुढे झाला. परबांनी त्याला हाताने मागे सारलं आणि स्वतः नारळासमोर उभे राहिले. कुणाला काही कळेना. त्यांनी डबीचं पहिलं बटण दाबलं.

"झाला सुरू? बोलू आता?"

महिन्याभरानंतर चाळीने तो आवाज ऐकला. मग मागच्या भिंतीशी बसलेला एक म्हातारा म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्याच्यामागून सगळे म्हणाले.

परबांनी हात जोडले, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, गळ्यावरच्या भोकातून नुसती हवा येत होती. कुठे थांबायचं ते त्यांना माहीत होतं आणि लोकांनाही. ते थांबले की सगळे एका सुरात म्हणायचे, व्हय म्हाराजा. मी ओठांकडे बघून शब्द ओळखायचा प्रयत्न केला. "शीतल" एवढं एकदा ओळखता आलं. नेहमीचं गाऱ्हाणं चार-पाच मिनिटांत संपतं असं म्हणतात. हे खूप वेळ चाललं. माझ्या शेजारी सुनंदाबाई होत्या, त्या दर वेळी सगळ्यांपेक्षा मोठ्याने होय म्हणत होत्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

शेवटी त्यांनी वाकून नमस्कार केला. शीतल रडत त्यांच्या गळ्यात पडली आणि विचारत होती, "बाबा, काय मागितलंत? सांगा ना, काय मागितलंत?" परबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाटी वर खोलीत राहिली होती. कुणीतरी आणायला धावलं, त्याला त्यांनी नको म्हणून खूण केली.

त्यानंतर तीन वर्षांनी परब गेले. लेकीसाठी त्यांनी देवाकडे काय मागितलं, ते आम्हां कुणालाच माहीत नाही. आम्ही सगळे फक्त होय म्हणालो.